दिवा लागला, पण लॉक लागलं का?

मैत्रिणींनो, आमच्या संस्थेची जीप पावसाळ्यात दिवस भरलेल्या बायकांना वाड्यावस्त्यांवरून दवाखान्यात आणते. चिखलात एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म! वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल इथे नडतं. उपाय म्हणजे 'एअर लॉकर'. बटण दाबलं की काँप्रेसरची हवा नळीतून आत जाते आणि दोन्ही चाकं जोडीने फिरतात.

पण आमच्या गाडीतला दिवा फक्त बटण चालू असल्याचं सांगतो. म्हणून मिरगाआधी मी मेकॅनिकदादांकडून चाचणी करून घेतेच. पुढच्या चाकांना दगड, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. मागचं एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. मग हवा सोडून तेच चाक थोडं हलवायचं. 'खट्' होऊन ते अडलं, की लॉक लागलं. काँप्रेसर सारखा चालू होत असेल तर हवा गळतेय समजा.

लॉक चिखलात शिरण्याआधीच लावायचं, पक्क्या रस्त्यावर आठवणीने काढायचं. नाहीतर गाडी वळायला जड जाते.

ड्रायव्हर पुरुष असला तरी हे आपल्यालाही ठाऊक हवं. मागच्या सीटवर कळा सोसणारी आपलीच कुणीतरी असते ना!