घरी आगरी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी : पोरांचा खरंच गोंधळ होतो का?

न्हावा शेवा : उरण-पनवेल पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या पोराच्या कानावर आज दिवसभरात तीन भाषा सहज पडतात. घरात आजी-आजोबा आगरी किंवा कोळी बोलीत बोलतात. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाची पोरं हिंदीत खेळतात. नर्सरीत पाय ठेवला की ‘ए फॉर ॲपल’ सुरू होतं. अशात पोर जरा उशिरा बोलायला लागलं, किंवा एकाच वाक्यात तिन्ही भाषा मिसळायला लागलं, की घरच्यांना हमखास सल्ला मिळतो : ‘घरात बोली बंद करा, पोराचा गोंधळ होतोय.’

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण लहान मुलं एकाच वेळी दोन भाषा कशा शिकतात, याचा अभ्यास जगात शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि त्यातून निघालेलं उत्तर या सल्ल्याच्या उलट आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मागं पडत नाही. मूल मागं पडतं ते त्याच्याशी होणारं बोलणंच आटलं तर.

बंदर आलं, भाषाही आल्या

न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरण तालुक्यातलं; दोन्ही नावं एकत्र जगाला माहीत झाली ती बंदरामुळं. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले आणि २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्यामागोमाग कंटेनर यार्डं, गोदामं आणि देशभरातून आलेले ड्रायव्हर, कामगार, अधिकारी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली.

मिठागर, खाजण आणि खाडी यांच्याशी बांधलेली बोली आता गोदामाच्या गेटवर हिंदीशी गाठ घालून उभी आहे. पण अनेक भाषा एकत्र नांदणं आपल्याकडं नवीन नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबं तिथं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होती. बाहेर एकमेकांची भाषा आणि घरात आपापली, असा व्यवहार इतका मुरला होता, की तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली होती. तरीही कुणी घरची भाषा सोडली नव्हती.

भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी मुंबईतल्या गुजराती मसाला व्यापाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोकणी, क्वचित इंग्रजी. या माणसाला कुणी ‘गोंधळलेला’ म्हणणार नाही.

सुरुवात आईच्या पोटातच

बाळाचा भाषेशी संबंध जन्माआधीच सुरू होतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात बाळांना दोन भाषा ऐकवल्या, एक इंग्रजी आणि दुसरी फिलिपीन्समधली टागालोग. गरोदरपणात फक्त इंग्रजी बोलणाऱ्या आयांच्या बाळांनी इंग्रजीकडं जास्त कान दिला. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांच्या बाळांनी दोन्हींकडं लक्ष दिलं आणि त्या वेगळ्या आहेत हेही ओळखलं. म्हणजे जन्मतःच बाळ दोन भाषा वेगवेगळ्या ओळखू शकतं.

मोबाइलनं भाषा शिकते का, हा आजचा दुसरा मोठा प्रश्न. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणसं बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलली. काहींना तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखता आले. व्हिडिओवाल्यांना काहीच फायदा झाला नव्हता. हा अभ्यास २००३ चा आहे. ‘कार्टून बघून इंग्रजी येईल’ म्हणून बाळाच्या हातात मोबाइल देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा असा आहे.

मिसळणं म्हणजे गोंधळणं नव्हे

‘मना वॉटर दे’ असं पोर म्हणालं की घरात हसू येतं आणि काळजीही वाटते. पण या वाक्यात गोंधळ नाही. रचना आगरीची आहे आणि त्यात एक इंग्रजी शब्द नीट बसवलेला आहे. त्या क्षणी जो शब्द तोंडी आला तो पोरानं वापरला. ‘गाडी रिव्हर्स घे’ म्हणताना मोठी माणसंही हेच करतात. दोन-अडीच वर्षांची मुलं तर आजीशी कुठली भाषा आणि टीचरशी कुठली, हेही बऱ्यापैकी ओळखून बोलतात.

शब्द मोजतानाही चूक होते. समजा, एका पोराला चाळीस शब्द मराठीत येतात. दुसऱ्याला पंचवीस आगरीत आणि वीस हिंदीत येतात. फक्त एका भाषेचे शब्द मोजले तर दुसरं पोर मागं दिसतं. दोन्ही भाषा मिळून मोजले तर ते बरोबरीला येतं. मायामी शहरातल्या स्पॅनिश-इंग्रजी बाळांवरच्या १९९३ च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. एकूण शब्दसाठा धरला तर दोन भाषांत वाढणारी बाळं एकभाषी बाळांच्या मागं नव्हती.

मग ही भीती आली कुठून?

१९२० च्या दशकात ब्रिटनमधल्या वेल्समध्ये शाळकरी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. त्यात दोन भाषा बोलणारी मुलं कमी पडली आणि ‘दोन भाषांनी डोक्यावर ताण येतो’ हे मत रुजलं. पुढं अशा चाचण्यांमधली खोट उघड झाली. घरची परिस्थिती आणि चाचणीची भाषा यांचा विचारच त्यात झालेला नव्हता. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक थरातली दहा वर्षांची मुलं घेऊन तुलना केली, तेव्हा दोन भाषा नीट येणारी मुलं पुढं निघाली.

भारतात मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांवर काम केलं. काही मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी, काहींची कुई सुटलेली. समाज मात्र एकच. कुई टिकवलेली दुभाषी मुलं विचार करण्याच्या आणि भाषेची जाण तपासण्याच्या चाचण्यांत सरस ठरली.

‘दोन भाषा आल्या की पोर हुशारच होतं’ असंही मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. या फायद्यावर संशोधकांत अजून वाद आहे, कारण नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत तो दिसला नाही. नुकसान होत नाही, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे.

खरी अडचण शाळेच्या दारात

आगरीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘घोडा’चा ‘घोरा’, ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’. पहिलीतल्या पोरानं वहीत ‘गारी’ लिहिलं तर त्यानं घरी ऐकलेला शब्द अचूक लिहिलेला असतो. त्यावर नुसती लाल फुली मारली तर पोर एवढंच शिकतं, की आपल्या आईचं बोलणं चुकीचं आहे. पुढं ते वर्गात बोलायलाच कचरतं. ‘घरी गारी म्हणतो, पुस्तकात गाडी लिहितो’ असं सांगितलं तर दोन्ही रूपं टिकतात. रायगडमधल्या कातकरी वाड्यांतल्या पोरांची अडचण याहून मोठी, कारण त्यांच्या घरची भाषा पुस्तकापासून आणखी लांब आहे.

वाडा तालुक्यात (पालघर) आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी मुलं वाचायला-लिहायला कशी शिकतात याचा अभ्यास केला. पहिली ते तिसरी मुलांचा माग काढला. तिसरी संपतानाही बरीच मुलं अर्थ समजून वाचू शकत नव्हती. अक्षरं गिरवण्यावर भर होता. मुलांची घरची भाषा आणि त्यांचं बोलणं वर्गात जवळजवळ येतच नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी उलटा रस्ता धरला. मूळच्या अमेरिकी असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आधी फलटणच्या बोलण्यावर पीएचडी केली, मग तिथंच राहून प्रगत शिक्षण संस्था उभी केली. पोर जसं बोलतं तिथून सुरू करायचं आणि हळूहळू प्रमाण मराठीकडं न्यायचं, ही त्यांच्या कामाची दिशा.

इंग्रजी माध्यमाचंही असंच. केंब्रिजच्या इयान्थी त्सिंप्ली यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली, हैदराबाद आणि पाटण्यात २०१६ पासून चार वर्षं एक प्रकल्प चालला. नावाला इंग्रजी माध्यम असलेल्या अनेक वर्गांत शिक्षक प्रत्यक्षात हिंदी किंवा तेलुगू मिसळूनच शिकवतात, असं त्यात दिसलं. थोडक्यात, घरची भाषा बंद करून मिळणारं इंग्रजी बऱ्याचदा शाळेतही पुरेसं मिळत नाही.

पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर राज्यात २०२५ मध्ये मोठा वाद झाला आणि २९ जून २०२५ रोजी सरकारनं संबंधित निर्णय मागं घेतले. तो प्रश्न शाळेत कोणता विषय सक्तीचा करायचा, याचा आहे. घरात आणि गल्लीत पोर आपसूक जे शिकतं, त्याची गल्लत त्याच्याशी करू नये.

उशीर कधी मानायचा?

‘दोन भाषा आहेत ना, बोलेल हळूहळू’ असं म्हणून थांबणंही धोक्याचं. बोलण्याचे ठळक टप्पे दोन भाषांतल्या पोरांनाही साधारण तेच लागू होतात. वर्षाच्या आसपास बाळानं नावाला ओ द्यावी, ‘बाबा’, ‘मामा’सारखे आवाज काढावेत. दीड वर्षापर्यंत काही शब्द यावेत, कुठल्याही भाषेतले चालतील. दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी जुळावी. हे दिसत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर कारण भाषेत शोधू नये. आधी कान तपासून घ्यावेत. खरा भाषादोष असेल तर तो पोराच्या सगळ्या भाषांत दिसतो, एकाच भाषेत नाही. म्हणून तपासणीला जाताना घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात हे आवर्जून सांगावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून. शंका असेल तर अंगणवाडी ताईंना सांगून पथकाकडं नाव द्यावं. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. वाचा आणि श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे.

घरी काय करता येईल

ज्या भाषेत आई-बाबा, आजी-आजोबा मोकळेपणानं बोलू शकतात, त्याच भाषेत पोराशी भरपूर बोलावं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ एवढंच बोलण्यापेक्षा आगरीत बाजाराची, बोटीची, लग्नाची गोष्ट सांगितली तर पोराला शब्दही जास्त मिळतात आणि लांब वाक्यंही.

एका माणसानं एकच भाषा बोलायची, असा कडक नियम करायची गरज नाही. प्रत्येक भाषेला रोज खरा वेळ मिळाला की पुरे. पोर भाषा मिसळत असेल तर टोकू नये, ‘वॉटर पाहिजे? घे, पानी घे’ असं सहज म्हणून पुढं जावं.

हिंदी गल्लीत मिळेल आणि इंग्रजी शाळेत, पुढं नोकरीतही मिळेल. आगरी मात्र घराबाहेर शिकायची संधी फारशी नाही. घरच्यांनी ती पोराशी बोलायची थांबवली, तर ते पोर मोठं झाल्यावर त्याला ती शिकायला दुसरी जागा सहज मिळणार नाही.