शिराळ्याचा कोट, एकट्यानं

पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं, की उसाच्या फडांतून जाणारा रस्ता शिराळ्यात पोहोचतो. बत्तीस शिराळा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नागपंचमीमुळं. १९७२चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुकीला बंधनं आली, पण त्या दिवशीची गर्दी काही हटली नाही. एरवी भाविक येतात ते समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी इथल्या मारुतीला; त्याची स्थापना शके १५७६ मधली. इथला भुईकोट पाहायला म्हणून एसटीतून उतरणारा माणूस विरळाच. त्यातून तो एकटा असला, तर पहिला प्रश्न ठरलेला : "कुणाकडं आलाय?"

प्रश्न रास्त आहे. डोंगरी किल्ल्यावर एकट्याचं निभावतं. वाट, टाकी, दरवाजा, बुरूज जागच्या जागी असतात आणि चढताना दम लागला, की किल्ला तिथं का बांधला हेही कळतं. भुईकोट एकदा ढासळला, की गावातच मुरतो. खंदक बुजतो, तटाचे दगड कुणाकुणाच्या जोत्याला जातात, मोकळ्या जागेवर नवी कामं उभी राहतात. शिराळ्याच्या कोटाची तटबंदीही बहुतेक गेलीय. तो पाहायचा तर माणसं गाठावी लागतात, आणि सोबत घोळका नसला की माणसं जास्त बोलतात.

त्यांच्या बोलण्यात १६८९ साल हटकून येतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोगल सरदार मुकर्रबखानानं कोल्हापूरच्या बाजूनं सह्याद्री ओलांडून संगमेश्वरावर झडप घातली आणि संभाजी महाराज व त्यांचे सहकारी कवी कलश यांना धरलं. कैदी घेऊन त्याला भीमेकाठच्या बहादूरगडाकडं जायचं होतं. घाट चढून वर आल्यावर ही फौज शिराळ्याच्या कोटात थांबली आणि इथंच महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न झाला, अशी गावाची हकीकत. तीत ज्योत्याजी केसरकरांचं नाव घेतात, गावच्या देशमुख आणि दीक्षित घराण्यांचं घेतात. प्रयत्न फसला. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली.

या हकीकतीकडं मी आधी नकाशावरून पाहतो. आंबा घाटाच्या बाजूनं वर येऊन कऱ्हाडाकडं निघालेल्या फौजेला वारणेचं खोरं धरून पुढं सरकणं सोयीचं. घोड्यांना पाणी-वैरण हवी, कैद्यांभोवती भिंत हवी, रात्री पहारा बसवायला दरवाजा हवा. शिराळ्याला मोरणा नदीचं पाणी आहे, आणि कोट तेव्हा उभा होता. एवढ्यानं घटना सिद्ध होत नाही. पण मुक्कामाची जागा गावानं उगाच हवेतून काढलेली नाही, असं माझं मत आहे. भुईकोटाचं नेहमीचं काम तरी काय असतं? महसूल गोळा करायचा, धान्य साठवायचं, वाटेनं जाणाऱ्या फौजेला रात्र काढू द्यायची. पराक्रमाच्या गोष्टी डोंगरांच्या वाट्याला गेल्या, बिनगाजावाजाची कामं कोटांच्या.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले : अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी. सगळे डोंगरावरचे नाहीतर समुद्रातले वा समुद्राकाठचे. सपाटीवरचा एकही नाही.

जपानमध्येही मूळ मनोरा शिल्लक असलेले किल्ले बाराच, हा निव्वळ योगायोग. मात्र त्यांतला मात्सुमोतोचा किल्ला आपल्या भुईकोटाचा सख्खा भाऊ शोभेल : सपाट जमीन, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, मधोमध सोळाव्या शतकाच्या अखेरीचा काळा लाकडी मनोरा. बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले निघतात. पादत्राणं काढून शिडीसारखे खडे जिने चढायचे. तिथं एकट्यानं किल्ले पाहणं इतकं रुळलंय, की २००६ साली जाहीर झालेल्या शंभर नामवंत किल्ल्यांच्या यादीची वही घेऊन लोक फिरतात आणि प्रत्येक ठिकाणचा शिक्का उमटवून घेतात.

पण हा मनोरा सरकारी जिव्हाळ्यानं उरलेला नाही. मेइजी सम्राटाची राजवट आल्यावर जुने किल्ले म्हणजे अडगळ झाले. १८७२ मध्ये मनोरा लिलावात गेला, पाडायचाच होता. इचिकावा र्योझो नावाच्या गावकऱ्यानं किल्ल्यातच प्रदर्शनं भरवली, पैसा उभा केला आणि मनोरा परत मिळवला. पुढं तो कलायला लागला, तेव्हा कोबायाशी उनारी या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दुरुस्तीची मोहीम हाती घेतली.

शिराळ्यात वाचवायला मनोरा नाही. संभाजी महाराजांच्या स्मारकाची मागणी मात्र जुनी आहे, आणि तसं स्मारक व्हायलाच हवं. मात्सुमोतोत मनोऱ्याजवळच्या वाड्याची इमारत जळून गेली, पण तिच्या दालनांच्या रेषा जमिनीवर आखून ठेवल्यात. चालणाऱ्याला कुठं कोणती खोली होती ते कळतं. शिराळ्यात तट कुठून कुठं गेला होता, खंदक किती रुंद होता, दरवाजा कोणत्या अंगाला होता, हे आखायला मोजणीची माणसं आणि गावातली चार म्हातारी माणसं पुरेत. मात्र हे काम पुतळ्याच्या चौथऱ्याआधी व्हायला हवं. चौथऱ्याचा पाया खणला गेला, की खालच्या मातीत कोटाचं जे काही उरलं असेल तेही राडारोड्याच्या ट्रॅक्टरमधून निघून जाईल.