साठीची बुद्धी आणि पन्नाशीचा रक्तदाब

जेवण होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तोच आजीने तक्रार केली, "मला अजून कुणी वाढलंच नाही." आम्ही सारे हसलो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपला. पुढे ती बाबांनाही ओळखेनाशी झाली. डॉक्टरांनी या आजाराला स्मृतिभ्रंश असे नाव सांगितले आणि विचारले, "पन्नाशीत यांचा रक्तदाब किती असायचा?" घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

विसरण्याचा आणि रक्तदाबाचा संबंध काय, असे मला तेव्हा वाटले. वाचकहो, संबंध आहे आणि तो जवळचा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के खर्च करतो. हा पुरवठा शेवटी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, काही बुजतात आणि मेंदूचे छोटे छोटे भाग उपाशी पडतात. पक्षाघाताचा गाजावाजा नाही, दुखणे नाही. त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. मधुमेहात वाढलेली साखरही याच भिंतींना इजा करते.

लंडनच्या सरकारी नोकरांची एक दीर्घ पाहणी १९८५ साली सुरू झाली. तीतील ८,६३९ जणांविषयीचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासाव्या वर्षी ज्यांचा वरचा रक्तदाब १३० किंवा अधिक होता, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांहून ३८ टक्क्यांनी जास्त आढळला. साठाव्या वा सत्तराव्या वर्षीच्या रक्तदाबाशी मात्र असा संबंध दिसला नाही. म्हण रचणाऱ्याचे दहा वर्षांनी चुकले म्हणायचे! मधुमेहाचेही तसेच; तो जितक्या लवकर जडला, तितका पुढचा धोका अधिक, असे याच पाहणीतून २०२१ मध्ये दिसले.

अर्थात पाहणीत संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या ९,३६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे उपचार ज्यांना मिळाले, त्यांच्यात बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाबाबत मात्र खात्रीचा फरक दिसला नाही. उपचार ठरल्यापेक्षा लवकर थांबवले गेले होते, हेही त्याचे एक कारण असावे.

माझी आई आता ४९ वर्षांची आहे. "मला काय धाड भरलीय?" असे म्हणतच ती गेल्या महिन्यात दवाखान्यात आली. वरचा आकडा १४६ निघाला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.