शेवटचा काळ आणि मंडळी

मंडळी म्हणजे इमारत नव्हे. मराठी बायबलात ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द आहे. अर्थ, बोलावून एकत्र आणलेली माणसे. घरातली, गावातली, तशीच ही. याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

सर्व मंडळ्यांची समान श्रद्धा : ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय. दिवस व घटका कोणालाच ठाऊक नाही, असे शुभवर्तमान सांगते.

मतभेद कुठे : ‘प्रकटीकरण’ या 22 अध्यायांच्या पुस्तकात, विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्यावरून.
• कॅथलिक व अनेक जुन्या प्रॉटेस्टंट परंपरा : हजार वर्षे हे रूपक.
• अनेक पेंटेकोस्टल मंडळ्या : ख्रिस्त येऊन पृथ्वीवर प्रत्यक्ष राज्य करील. त्याआधी मंडळी वर उचलली जाईल, ही मांडणी 19व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पसरवली.

रत्नागिरीत : 1823मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. 1873मध्ये रत्नागिरीत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे केंद्र सुरू झाले. कॅथलिकांसाठी सिंधुदुर्ग धर्मप्रांत, 2005पासून.

रेव्हरंड टिळक : नारायण वामन टिळकांचा जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, बाप्तिस्मा 1895. मिशनची नोकरी सोडून 1917मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती; मंडळीच्या सीमेचा प्रश्न इतक्या थेट क्वचितच कोणी विचारला.

आगमनकाळ : नाताळापूर्वीचे चार रविवार. गव्हाणीतल्या जन्माची तयारी आणि पुनरागमनाची वाट, दोन्ही यात येतात. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान असतो.