इंग्रजी वाचनाची पहिली पायरी : अक्षराचें नांव कीं अक्षराचा ध्वनि ?

मराठी मुलास ‘क’ हें अक्षर दाखवून त्याचें नांव विचारलें तर तें ‘क’ असें सांगतें. आणि ‘कमळ’ या शब्दांत तें अक्षर आलें म्हणजे त्याचा उच्चारहि ‘क’ असाच होतो. अक्षराचें नांव आणि अक्षराचा ध्वनि यांत अंतर नाहीं. इंग्रजीची गोष्ट निराळी आहे. तेथें अक्षराचें नांव ‘सी’, परंतु मांजराच्या शब्दांत त्याचा उच्चार ‘क्’. नांव ‘एच’, परंतु टोपीच्या शब्दांत उच्चार ‘ह्’. नांव ‘डब्ल्यू’, आणि पाण्याच्या शब्दांत उच्चार ‘व्’ सारखा. ‘सी, ए, टी’ हीं तीन नांवें कितीहि वेगानें म्हटलीं तरी त्यांतून ‘कॅट’ हा शब्द निघत नाहीं. सहा वर्षांच्या मुलानें तो कोठून काढावा ? मग तें एकच उपाय करतें : शब्द पाठ करतें.

पाठांतराची शक्ति लहानपणीं मोठी असते, म्हणून पहिलें वर्ष निभावतें. पुस्तकाचें पान मूल धडाधड म्हणून दाखवितें आणि घरचीं माणसें संतुष्ट होतात. परंतु त्याच पानांतील शब्द बस-स्थानकावरील पाटीवर आला कीं तें अडखळतें. शब्दांची संख्या वाढत जाते, स्मरणशक्ति थकते, आणि तिसरी-चौथींत गेलेल्या त्या मुलावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. वास्तविक त्यास वाचावयास कोणी शिकविलेलेंच नसतें.

हा प्रश्न आजच एवढा तीव्र कां झाला, हें सातार्‍याच्या इतिहासावरून कळतें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर यांचें नांव सातार्‍याच्या सरकारी हायस्कुलांत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, ‘इंग्रजी पहिली’च्या वर्गांत दाखल झालें. त्या काळीं मराठीच्या इयत्ता झाल्यावर इंग्रजीचा आरंभ होई. विद्यार्थी मराठी वाचनांत मुरलेला असे आणि परकी लिपि तो जाणत्या वयांत उचली. २००० सालीं महाराष्ट्रांतील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलें. तेव्हांपासून कृष्णाकांठच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील सहा वर्षांचें मूल दोन लिप्या एकदमच शिकूं लागलें. आणि त्या दोहोंचे नियम एकमेकांशीं जुळत नाहींत.

यावर उपाय म्हणून जी ध्वनिपद्धति पुढें आली, तीस ‘फोनिक्स’ म्हणतात. तिचें तत्त्व सोपें आहे. अक्षराचें नांव मागाहून, ध्वनि आधीं. वर्णमालेचा क्रमहि येथें पाळावयाचा नसतो. इंग्लंडमधील अनेक शाळांत रूढ असलेल्या क्रमांत प्रथम एस, ए, टी, पी, आय आणि एन हीं सहा अक्षरें घेतात. कारण उघड आहे : ‘स्, अ‍ॅ, ट्, प्, इ, न्’ एवढ्या सहा ध्वनींतून ‘सॅट’, ‘टॅप’, ‘पिन’, ‘पॅन’, ‘टिन’, ‘नॅप’ असे कितीतरी शब्द जुळतात. थोड्याच दिवसांत मूल, कोणीं न सांगितलेला शब्द, स्वतः वाचतें. सुटे ध्वनि जोडून शब्द करणें ही या पद्धतीची एक बाजू. ऐकलेल्या शब्दाचे ध्वनि सुटे करून लिहिणें ही दुसरी. पहिलीनें वाचन येतें, दुसरीनें लेखन.

मराठी घरांत येथें एक चूक हटकून होते. मराठी व्यंजनांत ‘अ’ मिसळलेला असतो. म्हणून आई ‘बॅट’ शिकवितांना ‘ब – अ‍ॅ – ट’ असें म्हणते, आणि मुलाच्या कानीं ‘बअ‍ॅट’ असें कांहीं विचित्र पडतें. परंतु या चुकीचा उतारा मराठींतच आहे. पाय मोडलेलें अक्षर प्रत्येक सुशिक्षित आईच्या परिचयाचें असतें. ‘ब’ न म्हणतां ‘ब्’ म्हटलें, कीं ‘ब्’, ‘अ‍ॅ’, ‘ट्’ हे ध्वनि सहज एकमेकांत मिसळतात. किंबहुना ‘क्’ आणि ‘आ’ मिळून ‘का’ होतो, हें बाराखडीनें मराठी मुलास आधींच शिकविलेलें असतें.

एका अक्षराचे दोन उच्चार ही गोष्टहि त्यास अगदीं नवी नाहीं. ‘चंद्र’ आणि ‘चाक’, ‘जन्म’ आणि ‘जाळें’ या शब्दांत अक्षर तेंच, पण उच्चार निराळे. इंग्रजींत हा प्रकार फार पुढें गेला आहे, इतकेंच. अक्षरें २६, आणि ध्वनि सुमारें ४४. म्हणून ‘एस’ व ‘एच’ मिळून ‘श्’ अशा जोड्या कराव्या लागल्या. शिवाय विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना आणल्यानंतर शब्दांचीं रूपें हळूहळू स्थिरावलीं, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइट’ या शब्दांतील मुकीं अक्षरें हे जुन्या उच्चारांचे अवशेष होत. असे आडवळणाचे शब्द थोडे थोडे करून पाठच करावे लागतात. परंतु ते अपवाद म्हणून, नियम म्हणून नव्हे.

या पद्धतीस परदेशांत शास्त्रीय आधार मिळाला आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय वाचन-समितीनें २००० सालीं दिलेल्या अहवालांत पद्धतशीर ध्वनिशिक्षणाचा लाभ मान्य केला. इंग्लंडांत २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची ४० शब्दांची चाचणी घेतात. त्यांतील निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे मूल खरोखर वाचतें कीं आठवून म्हणतें, याचा उलगडा होतो. घरींहि ‘नॅस’ असा एखादा खोटा शब्द लिहून ही परीक्षा करतां येते.

मात्र एक भेद विसरतां कामा नये. इंग्रज मूल ‘पॅन’ हा शब्द वाचण्यापूर्वीं शेंकडों वेळां ऐकलेलें असतें. मराठी मुलानें तो बिनचूक उच्चारला तरी अर्थ कळेलच असें नाहीं. आणि अर्थावांचून उच्चार हें पुन्हां नव्या प्रकारचें पाठांतरच झालें. या बाबतींत सातारा जिल्ह्यांतील फलटणचें उदाहरण मननीय आहे. तेथें भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनीं १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापिली आणि मराठी माध्यमाचें कमला निंबकर बालभवन उभें केलें. अक्षर आणि अर्थ यांची फारकत होऊं न देतां मुलास त्याच्याच भाषेंत वाचावयास शिकवावें, हा त्यांच्या कार्याचा गाभा आहे. जें मूल मातृभाषेंत समजून वाचतें, त्यास अक्षर व अर्थ यांचें नातें उमगलेलें असतें. तें नातें दुसर्‍या भाषेंत नव्यानें शिकवावें लागत नाहीं.

तेव्हां सुशिक्षित घरांनीं करावयाचें तें फारसें अवघड नाहीं. रोज दहा मिनिटें पुरेशीं आहेत. आधीं वस्तु हातीं द्यावी, तिचें इंग्रजी नांव कानांवर पडूं द्यावें, मग तिचे ध्वनि सुटे करावे, आणि शेवटीं अक्षरें दाखवावीं. शब्द चुकला तर उत्तर सांगूं नये. पहिल्या ध्वनीकडे बोट दाखवून थांबावें. आणि मराठी गोष्टींचें पुस्तक त्या दहा मिनिटांपायीं कधींहि मिटूं नये.