प्रवाळ मत्स्यालयातील शैवाल नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील प्रवाळांवर वाढणारे उपद्रवी शैवाल त्यांच्या मृदू ऊतींना इजा न करता काढणे आणि ते पुन्हा वाढू न देणे, यास प्रवाळ मत्स्यालयातील शैवाल नियंत्रण म्हणतात. सर्वच शैवाल घातक नसते. बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म सहजीवी शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करून यजमानाला पुरवते. उपद्रव होतो तो बाहेरून वाढणाऱ्या ब्रायोप्सिस, डर्बेसिया यांसारख्या केसाळ शैवालांचा व बुडबुड्यांसारख्या व्हॅलोनियाचा. ती प्रकाश अडवतात आणि ऊतींवर सतत घासत राहतात. लालसर, चिकट थर मात्र बहुधा सायनोबॅक्टेरियांचा असतो.

कारणे

नायट्रेट व फॉस्फेट साचणे हे मुख्य कारण होय. अमळनेरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी मत्स्यालयाचे पाणी कृत्रिम मीठ मिसळून तयार करावे लागते. खानदेशच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जाते आणि बाष्पीभवन झपाट्याने होते. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी; क्षार व नायट्रेट मागेच राहतात. तूट विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने भरल्यास प्रत्येक भरणीत त्यांची भर पडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, तर प्रवाळपालक ते साधारणतः १० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. पिण्याजोगे पाणी येथे पुरेसे शुद्ध नसते. म्हणून आरओ व विआयनीकरण केलेले पाणी वापरतात.

काढण्याची पद्धत

प्रथम पंप बंद करतात. शैवाल बुडापाशी चिमट्यात धरून उपटतात आणि त्याच वेळी बारीक नळीच्या सायफनने तुकडे बाहेर ओढतात, कारण अनेक शैवाले तुटलेल्या तुकड्यांतून पुन्हा वाढतात. मन्नारच्या आखातात प्रवाळांवर पसरलेल्या कॅपाफायकसबाबतही हीच अडचण आली. व्हॅलोनियाचा बुडबुडा न फोडता सोडवावा. लहान खडक मत्स्यालयाच्याच पाण्याच्या भांड्यात घेऊन मऊ ब्रशने घासता येतो. जिवंत ऊतीला ब्रश लागू नये. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड केवळ उघड्या खडकावर लावून धुऊन टाकतात. शैवालनाशक औषधे सरसकट ओतणे टाळावे: मेलेले शैवाल कुजून तेच पोषकद्रव्य परत पाण्यात सोडते. टर्बो व ट्रोकस गोगलगाई कोवळे शैवाल खातात, लांब वाढलेले सहसा नाही.

धोका व कायदा

काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. त्यांचा खडक घासताना हातमोजे व चष्मा वापरावा. तो उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, कारण विषारी वाफेने घरातील माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे मालवणसारख्या किनाऱ्यावरून ते तोडून आणणे गुन्हा ठरतो.