माडावरचा दोर : वृक्षारोहकांची साधने, सुरक्षा आणि कौशल्यविकास

कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील ग्रामीण अर्थव्यवस्थेत नारळाचे स्थान सर्वपरिचित आहे. मात्र नारळाच्या उत्पादनाची चर्चा होते तेव्हा ती प्रामुख्याने जाती, खते, सिंचन आणि बाजारभाव यांभोवती फिरते. माडावर चढून नारळ उतरवणारा कुशल कामगार या चर्चेत क्वचितच येतो. गोव्यात त्याला ‘पाडेली’ म्हणतात. त्याच्या हातात कोयता असतो, पायांत दोरीचे कडे असते आणि बहुतेक वेळा याखेरीज दुसरे कोणतेही साधन नसते. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा श्रमिक कल्याणाचा तर आहेच, शिवाय तो फलोत्पादनाच्या भवितव्याशीही निगडित आहे.

माडाला चढणाऱ्याची गरज का?

उंच जातीच्या माडाला साधारणपणे दरमहा एक नवी झावळी व तिच्या बगलेत एक पोय येते. त्यामुळे नारळाची काढणी एकाच हंगामात उरकत नाही. वर्षातून सहा ते आठ वेळा माडावर चढावे लागते. कोकणात व गोव्यात रूढ असलेल्या ‘बाणवली’सारख्या उंच जातींचे माड पंधरा मीटरपेक्षाही उंच वाढतात आणि साठ वर्षांहून अधिक काळ फळे देतात. याचा अर्थ, आज लावलेल्या माडावर दोन-तीन पिढ्यांतील माणसांना चढावे लागणार असते.

चढणाऱ्याचे काम नारळ पाडण्यापुरते मर्यादित नसते. वाळलेल्या झावळ्या काढणे, शेंड्याची सफाई करणे आणि गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा या किडींचा प्रादुर्भाव वेळीच ओळखणे हीदेखील त्याचीच कामे होत. शेंड्यातील एकमेव वाढबिंदू किडीने नष्ट झाल्यास संपूर्ण माड मरतो. म्हणजेच कुशल चढणारा हा एका अर्थाने पीकसंरक्षण करणारा पहिला कार्यकर्ता असतो.

पारंपरिक पद्धत व तिच्या मर्यादा

पारंपरिक पद्धतीत काथ्याच्या दोरीचे कडे दोन्ही पायांच्या घोट्यांभोवती अडकवले जाते. या कड्यामुळे पाय एकमेकांपासून फाकत नाहीत, तळवे खोडावर दाबले जातात आणि घर्षण वाढते. हातांनी खोडाला मिठी मारून शरीर वर खेचायचे, मग पाय वर घ्यायचे, अशी ही रीत आहे. साधन स्वस्त व हलके आहे. परंतु सारा भार घर्षणावर आणि स्नायूंच्या ताकदीवर असतो. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरले की हेच घर्षण झपाट्याने कमी होते.

काही भागांत खोडाला कोयत्याने खाचा पाडून पायऱ्या केल्या जातात. चढणाऱ्याला त्यांचा आधार मिळतो. परंतु या जखमांतून रोगजंतूंचा शिरकाव होतो व सोंड्या भुंग्याची मादी अशा जखमांत अंडी घालते. त्यामुळे खाचा पाडू नयेत, असाच सल्ला तज्ज्ञ देतात. जगभरातील व्यावसायिक वृक्षारोहकही हेच तत्त्व पाळतात. बुटांना लावायचे टोकदार काटे ते सामान्यतः तोडावयाच्या झाडावरच वापरतात, जगवायच्या झाडावर नव्हे. झाडाला इजा न करता चढायचे असेल तर दोराला पर्याय नाही, हा यामागील विचार होय.

पडण्याचे भौतिकशास्त्र

पंधरा मीटर उंचीवरून पडणारा माणूस पावणेदोन सेकंदांत जमिनीवर पोहोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरहून अधिक असतो. सावरण्यासाठी वेळच उरत नाही. अशा अपघातात मणक्याला इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न एका क्षणात थांबते.

पडणाऱ्याला दोराने अडवले तरी धोका पूर्णपणे टळत नाही. अचानक थांबताना शरीरावर मोठा धक्का बसतो. म्हणून उंचीवरील कामासाठीच्या साधनांत धक्का शोषणारा भाग असतो आणि युरोपीय मानकांनुसार तो शरीरावरील बल सहा किलोन्यूटनपर्यंत मर्यादित ठेवतो. पंच्याहत्तर किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हे बल त्याच्या वजनाच्या सुमारे आठपट होते. ते केवळ कमरेच्या पट्ट्यावर आले तर अंतर्गत इजा संभवते. मांड्या, कंबर व खांदे यांवर भार विभागणारा पूर्ण शरीराचा पट्टा श्रेयस्कर ठरतो, तो याच कारणाने. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ३५२१’ हे मानक अशाच सुरक्षा पट्ट्यांसंबंधी आहे.

दोराची रचना व निगा

आधुनिक सुरक्षा दोर नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचा असतो. त्याच्या आत भार पेलणारा गाभा व बाहेर गाभ्याचे रक्षण करणारे विणलेले आवरण असते. कमी ताणल्या जाणाऱ्या अशा दोरांसाठीच्या युरोपीय मानकात ‘अ’ वर्गाच्या दोराची किमान ताकद बावीस किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टन वजनाइतकी, सांगितली आहे. माणसाच्या वजनाच्या तुलनेत ही ताकद प्रचंड वाटते. परंतु गाठीमुळे ती लक्षणीय प्रमाणात घटते आणि ऊन, घर्षण, माती व जुनेपणा यांमुळे आणखी कमी होत जाते.

दोर वापरण्याच्या तंत्रातही घर्षणाचेच तत्त्व आहे. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ भार पडला की मुख्य दोराला घट्ट पकडते आणि भार काढला की सरकवता येते. फांद्यांच्या झाडांवर चढणारे अशा गाठी वापरतात. माडाला मात्र फांद्या नसतात. तिथे दोर खोडाभोवती गुंडाळून कमरेच्या पट्ट्याला जोडणे हाच मुख्य उपाय उरतो. कोयत्याचा चुकीचा घाव दोरावर बसण्याचा धोका लक्षात घेऊन धारदार हत्यारांसोबत काम करताना पोलादी तारेचा गाभा असलेला दोर वापरला जातो.

चढण्याची यंत्रे : एक देशी नवप्रवर्तन

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी विकसित केलेले माडारोहण यंत्र हे तळागाळातील नवप्रवर्तनाचे ठळक उदाहरण मानले जाते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानेही त्याची दखल घेतली. या यंत्रात डाव्या व उजव्या पायासाठी दोन स्वतंत्र धातूच्या चौकटी असतात व प्रत्येकीची पोलादी तार खोडाभोवती फिरवलेली असते. पायाचा भार पडला की तार खोडाला आवळते. भार काढला की ती सैल होते व चौकट वर सरकवता येते. अशा रीतीने एकेक पाऊल टाकत, जिना चढावा तसे चढता येते. स्नायूंवरील ताण कमी होतो आणि परंपरेने हे काम न केलेल्या व्यक्तीही, स्त्रियांसह, ते शिकू शकतात.

या यंत्राच्या मूळ रचनेत एक उणीव होती. पाय पकडलेले असले तरी वरचे शरीर मोकळे राहत असे आणि तोल गेल्यास माणूस मागे कलंडण्याची शक्यता होती. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोड दिली. बसून चढण्याची यंत्रेही उपलब्ध आहेत. ती अधिक स्थिर असली तरी त्यांचा वेग कमी पडतो. दिवसभरात किती माड चढले यावर मजुरी ठरत असल्याने वेग आणि सुरक्षितता यांत ओढाताण होते. सुरक्षा साधन उपलब्ध असूनही ते न वापरण्यामागे अनेकदा हेच आर्थिक कारण असते.

संस्थात्मक प्रयत्न

नारळ विकास मंडळ ही १९७९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली व १९८१ पासून कार्यरत असलेली वैधानिक संस्था असून तिचे मुख्यालय कोची येथे आहे. चढणाऱ्यांची टंचाई तीव्र झाल्यावर मंडळाने २०११ मध्ये केरळात ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात सहा दिवसांत यंत्राचा वापर, शेंड्याची सफाई, कीड-रोगांची ओळख आणि काढणीयोग्य नारळाची पारख शिकवली जाते. प्रशिक्षणार्थींना यंत्रही दिले जाते. पुढे हा कार्यक्रम इतर नारळ उत्पादक राज्यांतही नेण्यात आला.

मंडळाची ‘केरा सुरक्षा’ विमा योजना चढणाऱ्यांना अपघाती मृत्यू, अपंगत्व व रुग्णालयातील खर्च यांपासून संरक्षण देते. विमाहप्त्याचा मोठा वाटा मंडळ उचलते. याखेरीज २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांच्या हप्त्यात (जून २०२२ पासून) अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ पासून ई-श्रम पोर्टल उपलब्ध आहे.

कायद्याच्या कक्षेबाहेरचा कामगार

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या तरतुदी साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. पाडेली मात्र एकटा काम करतो. सकाळी एका बागायतदाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे. त्याचा निश्चित मालक कोण, हे ठरवणेच अवघड असते. त्यामुळे सुरक्षा पट्टा कोणी पुरवायचा, तो झिजल्यावर कोणी बदलायचा आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

हा प्रश्न किनारपट्टीपुरता नाही. मुंबईत पावसाळ्यापूर्वी होणारी फांद्यांची छाटणी असो किंवा लखनौच्या गोमती नगरसारख्या नियोजित वसाहतीतील रस्त्याकडेच्या वृक्षांची निगा असो, उंचीवर काम करणारा माणूस सर्वत्र लागतो. महाराष्ट्राचा १९७५ चा आणि उत्तर प्रदेशचा १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा यांचा मुख्य भर झाडांच्या संरक्षणावर आहे. झाडावर चढणाऱ्याच्या संरक्षणाचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा.

पुढील दिशा

चढणाऱ्यांच्या टंचाईकडे केवळ मजूरटंचाई म्हणून पाहणे अपुरे ठरेल. जोखीम मोठी, प्रतिष्ठा कमी आणि म्हातारपणाची तरतूद नाही, अशा व्यवसायापासून नवी पिढी दूर जाणे स्वाभाविक आहे. बुटक्या व संकरित जातींची लागवड हा दीर्घकालीन उपाय आहे. परंतु आज उभे असलेले उंच माड अजून कित्येक दशके फळे देत राहतील. या काळात मानकानुसार पट्टे व दोर सवलतीत देणे, त्यांची ठरावीक काळाने तपासणी करणे, प्रशिक्षणात अडकलेल्या माणसाला खाली उतरवण्याच्या सरावाचा समावेश करणे आणि विम्याची नोंदणी ग्रामपंचायत पातळीवर नेणे हे उपाय व्यवहार्य आहेत. उत्पादक संघांनी चढणाऱ्यांचे गट नेमले तर साधनांची जबाबदारीही निश्चित होऊ शकेल.

दोर कितीही मजबूत असला तरी त्याचे दुसरे टोक कुठे तरी पक्के बांधलेले असावे लागते. पाडेलीच्या बाबतीत ते टोक प्रशिक्षण, विमा आणि कायदेशीर मान्यता यांना बांधले गेले, तरच माडावरचा माणूस सुरक्षित राहील आणि नारळाची बागायतही टिकेल.